दोन कुलपांचा इत्तेफाक

सेलू, आबान १३५० फसली

तीर्थस्वरूप आबासाहेब दाजींच्या सेवेशी,

दिनकरचा साष्टांग नमस्कार. ताईचा खोकला थांबला का? तुमचे गुडघे आता जिना चढू देतात का? इकडे सगळे खुशाल आहेत, म्हणजे दवाखाना सोडून.

दाजी, तुम्ही उर्दू मदरशात शिकलात, म्हणून एका शब्दाचा अर्थ विचारतो. मी दवाखान्याचा मोहतमीम (खाटा, औषधे, नोकर सगळे मी बघतो) आणि व्यंकटराव डॉक्टर (ते नाडी बघतात). थोरला कोण, यावरून आमचे वर्षभर वाजले. शेवटी वरून हुकूम आला, की औषधांच्या कपाटाला दोन कुलपे लावावीत, दोघांकडे एकेक किल्ली द्यावी आणि कारभार दोघांच्या ‘इत्तेफाकाने’ चालावा. डॉक्टर म्हणतात, इत्तेफाक म्हणजे एकमत. मी मात्र जन्मभर ‘इत्तेफाकाने गाठ पडली’ असेच ऐकत आलो, म्हणजे योगायोग. म्हणून मी ठरवले, की दोघे सहज समोरासमोर आलो तरच कपाट उघडायचे, मुद्दाम कुणी कुणाला बोलवायचे नाही. नवल असे, की गेल्या महिन्यात ते नऊ वेळा उघडले. एकमताची वाट बघितली असती तर एकदाही उघडले नसते. हे कसे होते, याचे मला अजून कोडे आहे.

परवा पेडगावची कडूबाई नवऱ्याला बैलगाडीत घालून घेऊन आली. उमाजी हिवतापाने कुडकुडत होता आणि क्विनीन कपाटात. मी म्हणालो, आधी डॉक्टरांनी किल्ली लावावी. ते म्हणाले, मान मोहतमीमांचा. बाई मेंढरे राखणारी. आमच्या दोघांकडे बघून म्हणाली, “आमच्या मेंढरायला बी दोन कुत्रे हायत. लांडगा आला की आधी कुणी भुंकावं, हे इचारीत बसत न्हाईत ते.” मला लय राग आला. डॉक्टरांनी स्वतःच्या पेटीतल्या गोळ्या दिल्या. त्या उद्यापर्यंत पुरतील.

आपला,
दिनकर

ता. क. आता खरे लिहितो. गेल्या आठवड्यात परभणीला आलो तेव्हा माझी किल्ली तुमच्याकडे खुंटीवरच्या शेरवानीच्या खिशात राहिली आहे. मानापानाच्या आड मी ते लपवले, त्याची लाज वाटते. उमाजीचा ताप उतरलेला नाही. हे पत्र आजच माणसाबरोबर धाडतो, त्याच्याच हाती उद्या सकाळच्या गाडीने किल्ली पाठवावी.

ता. क. दुसरे. पाकीट चिकटवत होतो तेवढ्यात डॉक्टर आले. इकडेतिकडे बघून हळूच म्हणाले, त्यांचीही किल्ली चार दिवसांपासून वालूरला सासुरवाडीत आहे. आम्ही दोघे आत्ताच लोहाराला घेऊन कुलपे तोडायला निघालो आहोत. तेव्हा किल्ली नको, आणि शब्दाचा अर्थही नको, दोन्ही अर्थ बरोबर निघाले. परभणीच्या बाजारात एकच कुलूप बघा, दोन किल्ल्यांचे.