नारळ सोमवारी, पाणी मंगळवारी

मु. साजबोडी, ता. पोंभुर्णा
१ ऑगस्ट, श्रावण शुद्ध अष्टमी

चि. बापूजीस,

तुझ्या बाईचे पोटभर आशीर्वाद. साठी ओलांडलीस, कुरखेड्याचं अख्खं भक्तमंडळ महाराज म्हणून तुझ्या पाया पडतं, तरी मोठ्या बहिणीला तू चिरंजीवच. आम्ही सारे खुशाल आहोत, तुम्हीही असाल.

पाकिटात राखी आहे. हल्ली सगळे फोनवरच उरकतात, पण फोनवर तू बोलतोस आणि मी हं हं करते. कागदावर तुला मध्ये बोलता येत नाही, म्हणून राखीसोबतची चिठ्ठी मी काही सोडायची नाही.

इकडची खबर म्हणजे, जुलैभर पावसानं तरसवलं, आता कुठं धानाच्या बांध्या भरल्या. आमचा रोवणा आटोपला. लंगड्या गाईला कालवड झाली. जंगलात सात्यांच्या छत्र्या उगवल्या, आमच्या सूनबाईनं, पुनमनं त्यांची भाजी केली आणि नेहमीसारखं मीठ जास्त टाकलं. माझा गुडघा तसाच आहे.

आता तुझ्या निरोपाचं. परवा धनराज अंगणात स्पीकर लावून तुझ्याशी बोलत होता. मामा-भाच्याला वाटतं, म्हातारीला कमी ऐकू येतं. तू म्हणालास, "बायको बाहेरची असतानी देवघरात हात घालते अन् तू पाहत राह्यतं? मी राखीले येतो. मारोतीच्या देवळात साऱ्या गावासमोर नाक घासून माफी माग म्हना तिले, अन् सरपंचकी सोड म्हना. नाई तं त्या घरी मी पाणी घेत नाई." आमचा लेक नुसता "हो मामा, हो मामा." बायकोशी बोलताना त्याचा इतका गोड आवाज मी कधी ऐकला नाही.

पुनम तिथंच ओसरीवर तांदूळ निवडत होती. तिनं सगळं ऐकलं आणि सुपातले खडे काढत राहिली. तिचं ते गप्प बसणं मला सोसवत नाही, म्हणून लिहायला बसले.

तलावाची रीत तुला ठाऊकच आहे. रोवण्याला पाणी सोडायच्या दिवशी तलावाच्या पाळीवर, त्या मातीच्या बांधावर बसलेल्या देवीला, मायला नारळ फोडायचा, ज्याची बांधी त्याच्या हातावर प्रसाद द्यायचा, मग गेट उघडायचं. आधी हे मालगुजार करायचा. मालगुजार गेला, तलाव सरकारचा झाला, पण नारळ तसाच राहिला आणि सरपंचाच्या हाती आला. यंदा सरपंच आमची पुनम. हिरवी साडी नेसून, उपाशी पोटी गेली होती. आरती चुकू नये म्हणून आदल्या दिवशी माझ्याकडून घोकून घेतली. तुझ्या मंडळातले किती जण असा उपास करतात, ते तुझं तूच पाहा.

प्रसाद वाटता वाटता ती सुनिलपाशी आली. सुनिल म्हणजे गावाबाहेरच्या टोल्यावरच्या इसरूचा मुलगा, शेवटच्या टोकाला ज्याची बांधी आहे तो. अलीकडे तो आणि त्याची बायको दीपिका येशूच्या प्रार्थनेला जातात. मला विचारशील तर मलाही ते आवडलं नाही. त्यांचे वाडवडलांचे देव काय कमी होते? त्याची आई सुकरी माझ्याजवळ येऊन रडली होती. पण पोरगा उद्धट नाही. प्रसाद पुढे आला तसे त्यानं हात जोडले. म्हणाला, "वहिनी, राग नका मानू, मी घेत नाई." पुनम पुढच्या माणसाकडे वळली. झालं ते एवढंच.

धनराजला मात्र ते झोंबलं. वरच्या बांध्या भरेपर्यंत तो थांबला. सुनिलची वेळ आली तसं त्यानं आणि तुझ्या मंडळाच्या इथल्या पोरांनी गेट बंद केलं आणि ते फिरवायचं लोखंडी हँडल काढून नेलं. "मायचा प्रसाद नाई, तं मायचं पाणीबी नाई. पाणी पाहिजे तं पहिले देवळात या!" इकडे सुनिलच्या धानाच्या रोपांचे पऱ्हे रोवणीवाचून पिवळे पडायला लागले. तू धान पिकवणाऱ्या घरातला आहेस. पऱ्हे जुने झाले की त्या बांधीचं काय होतं आणि त्या घरात वर्षभर काय शिजतं, ते तुला मी सांगायला नको.

पुनमनं हँडलसाठी सारं गाव पालथं घातलं. काखेत कळसा आणि गावाला वळसा. ते आमच्याच घरात होतं. शेवटी धनराजनंच तिला हसत सांगितलं, "देवाजवळ ठेवलं आहे. हिंमत असन तं घे." कारण त्या दिवसांत पुनम बाहेर बसलेली होती. भावाला असलं लिहायला संकोच वाटतो, पण तूच फोनवर ते मोठ्यानं बोललास, तेव्हा आता संकोच कसला? या घरात त्या चार दिवसांत बाईमाणूस देवघराचा उंबरा ओलांडत नाही. तो नियम माझा आहे, माझ्या सासूचाही होता. पोरानं तो बरोबर हेरला.

ती नवऱ्याशी भांडली, पण रडली नाही. पंचायतीचा सचिव म्हणाला, तहसीलला कळवू. ती म्हणाली, "साहेब येईपर्यंत पऱ्हे नाई थांबत."

दुसऱ्या दिवशी सकाळी तेच हँडल हातात घेऊन ती पाळीवर गेली. ते देवघरातून बाहेर कसं आलं, ते सांगते. आधी पाळीवर काय झालं ते ऐक. मी गुडघा विसरून तिच्या मागे गेले होते.

पोरं गेटभोवती बसून होती. हँडल पाहिल्याबरोबर धनराज ओरडला, "पाहा, पाहा! विटाळाच्या हातानं देवाजवळचं उचललं इनं!" माणसं जमली. बायका तोंडाला पदर लावून उभ्या राहिल्या. मला वाटलं, आता ही बोलेल. ती बोलली नाही. मायच्या दगडाजवळून सरळ वाट होती, पण ती खाली उतरली, चिखलातून लांबचा फेरा घालून गेटापाशी आली. बापू, ज्या बाईवर धर्म बुडवल्याचा आळ आला होता, ती तेव्हाही मायपासून लांब राहून विटाळ पाळत होती. हे तुला धनराजनं सांगितलं नसेल.

मग तिनं हँडल बसवलं आणि म्हणाली, "मायचं मायपाशी. चार दिवस झाले का मी न्हाऊन येतो, घरचा नारळ आनतो, चुकलं असन तं कान पकडतो. पन हे गेट पंचायतीचं आहे. याच्यावर जेवढा मह्या नवऱ्याचा हक्क, तेवढाच सुनिलचा. कोन कोन्या देवाले मानते हे इचारून पाणी सोडाचं असन, तं सरपंच कायले पाहिजे? पुजाऱ्याले बसवा."

मायचा पुजारी चैतू तिथंच पाळीवर विडी ओढत बसला होता. तो घाबरून म्हणाला, "मले नको बाप्पा, मले गेट फिरवता येत नाई!" सारे हसले, आणि पोरांची हवाच गेली. पुनमनं दोन्ही हातांनी हँडल फिरवत ते गंजलेलं गेट उघडलं. धनराज बाजूला उभा राहून पाहत होता, त्यानं तिला अडवलं नाही, एवढं मी त्याच्या बाजूनं लिहून ठेवते. पाणी पाटानं निघालं आणि पार शेवटच्या बांधीपर्यंत गेलं.

त्यानंतरच्या ग्रामसभेत तिनं ठराव मांडला. पुढच्या वर्षीपासून नारळ सोमवारी फुटेल आणि पाणी मंगळवारी सुटेल. सोमवारी ज्याला यायचं त्यानं यावं, मंगळवारचं पाणी साऱ्यांचं. नारळ ज्याच्या त्याच्या घरचा, हँडल पंचायतीच्या कपाटात. निम्मे लोक कुरकुरले. मीही मनात कुरकुरले, इतक्या पिढ्यांची रीत मोडायची म्हणजे काय? पण मग विचार केला की रीत मोडलीच कुठं? माय तिथंच आहे, नारळही आहे. फक्त तिच्या नावानं कोणाचं पाणी अडवायची सोय गेली. मी हात वर केला.

पाचव्या दिवशी पुनम डोक्यावरून न्हाली, नारळ घेऊन मायकडे गेली आणि बराच वेळ डोळे मिटून बसली. तिथून घरी आली नाही. सुनिलच्या बांधीत रोवायला कोणी बाई जात नव्हती, तर ही पदर खोचून दीपिकासोबत चिखलात उतरली. मी बांधीच्या कडेला धुऱ्यावर उभी राहून पाहिलं. तिला भाजीतलं मीठ कळत नाही, पण रोवते मात्र सुतात धरल्यासारखी. सुकरीनं मला विचारलं, "बाई, आमची चाय पेशान का?" मी प्याले. साखर फार होती.

आता ते हँडल. किती वेळ मी त्याच्या भोवती फिरते आहे, तुझ्याही लक्षात आलं असेल. ते पुनमनं काढलं नाही, बापू. मी काढलं.

त्या सकाळी देव धुवायला घेतले, तर अन्नपूर्णेच्या पाठीला काळं ग्रीस लागलेलं. मागे लाल कापडात गुंडाळलेलं ते लोखंड. मला असा संताप आला म्हणून सांगू! इतकी वर्षं मी या देवांना न्हाऊ-माखू घातलं, रोज त्यांच्यापुढे भात ठेवला, ते काय कोणाच्या घरचा भात तोडायला? माझ्या अन्नपूर्णेला त्यानं चोरीच्या मालाच्या राखणीला बसवलं होतं.

पुनम उंबऱ्याबाहेर बसली होती. त्या दिवसांत तिला काही द्यायचं तर आम्ही भुईवर ठेवतो, मग ती उचलते. मी ते हँडल भुईवर ठेवलं नाही. तिच्या हातात दिलं. ती घाबरून मागे सरली, "आई, तुमाले न्हावं लागन." मी म्हटलं, "न्हाईन. तू जाय." ती उठली, दारापर्यंत गेली आणि वळून म्हणाली, "तुमचं नाव मी कोनाले सांगत नाई. मामाजी तुटतीन तुमच्यापासून. एकच भाऊ आहे तुमाले."

म्हणून ती गप्प राहिली. पाळीवर गप्प, नवऱ्यापुढे गप्प आणि तू स्पीकरवर तिचं नाक घासायला निघालास तेव्हाही गप्प. तुझ्या मनगटावर माझी राखी राहावी म्हणून. अशी सून मला मिळाली, आणि मी तिच्या भाजीतलं मीठ मोजत बसले होते.

तेव्हा मारोतीपुढे कोणाला वाकवायचं ते आता नीट ठरव. वाकायचं तर मला वाकावं लागेल, आणि माझा गुडघा वाकत नाही. तिची सरपंचकी गावानं दिली आहे. ती घ्यायची तर गाव घेईल. देवळातून कोणी मागायची नाही.

ही चिठ्ठी आज मी धनराजला मोठ्यानं वाचून दाखवणार आहे, मगच पोस्टात टाकीन.

पाकिटातली राखी आज सकाळी अन्नपूर्णेमागे ठेवली होती, हँडल होतं त्याच जागी. ती घेऊन ये. माझा बापू म्हणून आलास तर पुनम तुला पाणी देईल. ते पी, मग मी ओवाळीन. महाराज म्हणून येणार असलास तर देवळातच उतर. गावासोबत मीही येईन, तुझ्या पाया पडेन. पण महाराजांच्या हाताला मी राखी बांधत नाही.

घरी सर्वांना आशीर्वाद.

तुझी बाई,
मनकर्णा
सरपंच पुनमची सासू