इंजिनात बोटभर तेल

वैशाख सुद षष्ठी, १९७४. सकाळी.

सगळ्यात आधी आली ते शेजारची केशरबाई. बोलावलं कोनं होतं? म्हणे, तुमच्या शिखरचंदनं मोटार घेतली, पाहाले आली. पाह्यली कमी अन् नाक मुरडलं जास्त. म्हणे, जुनी हाय, वास मारते. हिच्या घरी सायकल नाही.

परवा मंगरूळचे केशरीचंद अन् त्याइची बायको प्रेमाबाई माह्या नातीले, सुगंधाले, पाहाले येतात. त्याइचा पोरगा तिच्या मनात भरला हाय. फोटो चोरून पाहते, मले दिसत नाही असं तिले वाटते. शिखरचंद म्हणे, माय, पाहुणे एष्टीतून उतरले की मोटारीनंच घरी आनू.

म्हनून गाडी मी सोता तपासली. ड्रायव्हर जगदेवनं इंजिनातून तेल मोजाची सळई काढून दाखवली. तेल अर्ध्यावरच. मी म्हटलं, पाहुण्याइच्या दिवशी गाडी अर्धपोटी? तो म्हणे, आजी, दोन रेघाइच्या मधातच पाह्यजे. याले काय समजते. लोणच्यावर बोटभर तेल नसलं तं बुरशी येते, हे याच्या मायनं शिकवलं नाही. तो चहा प्याले गेला अन् मी तेलाचा डबा पुरा इंजिनात ओतला. तोंडालोक. आता सालभर पाहाचं काम नाही.

हात राखेनं घासले, चिकटपना जात नाही. शी.

सप्तमी. दुपारी.

शिखरचंदनं गाडी चालू केली अन् मांगून निळा धूर. सारी गल्ली खोकून राह्यली. केशरबाई म्हणे माह्या कुरड्या काळ्या झाल्या. त्या तशाही काळ्याच होत्या.

एवढं तेल कोनं ओतलं, म्हनून शिखरचंद ओरडला. तो जगदेवकडे पाहून ओरडत होता. मंग मी मधात कायले बोलू?

जगदेव म्हणे, जास्तीचं तेल काढा लागते, गाडी रतनसिंग मिस्त्रीकडे नेतो. मी म्हटलं, घरची गोष्ट घरातच राहू दे. नळी टाक अन् ओढ. त्यानं तोंडानं ओढलं, घोट पोटात गेला, अन् माह्या गाळलेल्या पान्याच्या हंड्यापाशी ओकला. काळं, लिबलिबीत. मले जेवन गेलं नाही. तेल निघालं वाटीभर, तेही यानं दुधाच्या बादलीत घेतलं. किळसवाना मानूस.

बास झालं. उरलेलं तेल इंजिनच पिऊन टाकते. ठरवलं, आता मोटारीले हात लावाचा नाही. गरजही नाही, काम झालं.

अष्टमी. सांजच्याले.

पाहुणे आले. ऐन बाजारात गाडी बंद पडली, तं ढकलत आले. शिखरचंद अन् केशरीचंद मांगून, प्रेमाबाई बाजूनं. दारात इंजिनाखालून तेल गळलं, तिचा पाय सरकला अन् ते त्याच्यातच बसली. पांढऱ्या रेशमी लुगड्यावर परातीएवढा काळा डाग. म्हणे, आमी पोरगी पाहाले आलो का गाडी ढकलाले?

मी लगेच घासलेटानं पुसून देलं. डाग फाकला. वास एक होता, दोन झाले. त्या बाईनं नाकावरचा पदर शेवटलोक काढला नाही, पोहे तसेच. सुगंधा समोर येऊन बसली, पन तिच्याकडे पाह्यलं कोनं? सारे डागाकडे पाहून राह्यले. तोही घरचे मले उगाच मोठा करून सांगतात.

बाकी कार्यक्रम छान झाला. जातानी केशरीचंदनं हात जोडले. म्हणे, आता आखाजीले येतो.

सून म्हणे, आत्याबाई, आखाजी, अक्षय तृतीया, तं पाच दिवसाखालीच झाली.

मी म्हटलं, मंग, पुढची येईन ना. सालभर आधी सांगून ठेवलं म्हंजे पोरगी पसंत हाय. सुगंधा उठून आत गेली. लाजली.

विसराले नको म्हनून लिहून ठेवतो. पाहुणे परत येतात, आखाजीले.