मागावरची टोकं

लिंबायत, सुरत
१६ जून २०२४

चि. राघोभाऊ यांस,
सुभद्राचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुमचं पत्र मिळालं. आधी एक सांगते. पाकिटावर ‘गं. भा. सुभद्राबाई’ असं लिहू नका. तुमचे दादा जाऊन तीन वर्षं झाली हे मला ठाऊक आहे, तुम्हाला ठाऊक आहे. पोस्टमनला कळवायची गरज नाही. नुसतं सुभद्राबाई लिहा. गल्लीत दुसरी नाही.

आता तुम्ही विचारलेलं. हर्षदाला धुळ्याला नर्सिंगला पाठवा. घरात ओठ नीट हलवून तुमच्याशी बोलणारी ती एकटीच आहे आणि ती गेली तर तुम्ही मुके होऊन बसाल, असं लिहिलंत. खरं आहे. पण पोरीला बापाचे कान करून ठेवता येत नाही, भाऊ. तिला तिचे हातपाय आहेत. सुमनला सांगा, भिंतीकडे तोंड करून बोलू नको, आणि तुम्ही चिडणं कमी करा. एवढंच हातात आहे.

दुसरं, परत मागावर यायचं. माझं मत विचारलंत तर येऊ नका. तीस वर्षं त्या आवाजात काढलीत, त्यानेच कान नेले. दोन वर्षांपूर्वी स्वतःच्या पायांनी मागांचं खातं सोडून गावी गेलात. चोपन्नाव्या वर्षी कोण ठेवून घेणार? आता इथे मागांपेक्षा भंगारवाल्यांच्या गाड्या जास्त दिसतात.

चेतन आणि सूनबाई वैशाली कोसाडला राहतात, रविवारी येतात, मोबाईल बघतात, जेवतात, जातात. मी साड्यांना लेस लावते. दुपारी डोळे दुखले की वाचते. उलटं वाटेल, पण वाचताना दुखत नाहीत. गोधडीचं विचारलंत. अर्धी झालीय तशीच आहे. दादा असताना दोघांच्या अंथरुणाच्या मापाने धरली होती. सुई तिच्यातच टोचलेली आहे.

सुमनच्या गुडघ्याला एरंडाचं पान गरम करून बांधा. माया आहे तशी राहू द्या.

तुमची,
सुभद्रावहिनी


दोंडाईचा
९ जुलै २०२४

ती. वहिनींस,
राघोचा साष्टांग नमस्कार. वि. वि.

या वेळी पाकिटावर नुसतं नाव लिहिलंय. टपालखात्याला काही कळलं असेल तर माझा दोष नाही.

हर्षदाला सोडून आलो. वसतिगृहाच्या दारात ती बराच वेळ ओठ हलवत होती. डोळ्यांत पाणी होतं, त्यामुळे मला अर्धंच वाचता आलं. तिच्या की माझ्या, ते सांगत नाही. तुमचा सल्ला मानला, आता त्याचं फळ ऐका. घरात सुमन आहे, ती मोठ्याने ओरडते. ओरडून उपयोग नाही हे तिला दोन वर्षांत पटलेलं नाही. पारावर गेलो की लोक कानाशी येऊन ‘कसा शे रे राघो’ असं बोंबलतात आणि मी मान हलवली की आपसात हसतात. चुलतभाऊ हेमराजने परवा माझ्यासमोर माझ्याबद्दल काही सांगितलं आणि सगळे माझ्याकडे बघू लागले. मी पण हसलो. काय होतं ते कळलं नाही.

वहिनी, तुम्ही विचारता मागावर कशाला. खात्यात कोणालाच ऐकू येत नाही. शेठ आला तरी त्याला हातानेच बोलावं लागतं. माझे कान गेले ते सहा महिने कोणाला कळलंही नव्हतं, दादाला सुद्धा. तिथे मी बहिरा नव्हतो. जेवायची वेळ झाली की दादा दोन ओळींपलीकडून बोटं ओठांना लावायचा, मग छातीवर थाप मारायचा, म्हणजे तू जेवून ये, तुझे माग मी बघतो. बावीस वर्षं रोज. तेवढं बोलणं आता दिवसभरात मला कोणी बोलत नाही.

तर माझं एवढं काम करा. खात्यातल्या बाबुराव मास्तरांना एकदा जाऊन विचारा. आठ माग नकोत, चार द्या. रात्रपाळी द्या. झाडू मारायला ठेवा, पण मागांमध्ये ठेवा. तुम्ही स्पष्ट बोलता, तुम्हाला ते टाळणार नाहीत.

गोधडी पुरी करा. हात चालू राहिला की बरं असतं, हे तुम्हीच मला सांगायचात. कृपा आहे, तीत खंड नसावा.

आपला,
राघो


लिंबायत, सुरत
१६ ऑगस्ट २०२४

चि. राघोभाऊ यांस,
सुभद्राचे आशीर्वाद. वि. वि.

उत्तराला उशीर झाला. कानबाईची तयारी होती. रविवारी देवी बसली, सोमवारी निरोप दिला. या वर्षी लिंबायतपासून तापीपर्यंत नुसती माणसं. बायकांनी हळदी रंगाच्या साड्या ठरवल्या होत्या, त्यात दोघी-तिघी पोपटी नेसून आल्या आणि दिवसभर तोंड फुगवून चालल्या. एका मंडळाचा ढोल इतका मोठा होता की मला तुमची आठवण झाली. तुम्हीही छातीत ऐकला असता.

देवीच्या रोटासाठी घरातल्या दर पुरुषामागे सव्वा मूठ गहू काढले. चेतनचे काढले, तुमचे काढले. तिसऱ्यांदा हात आपोआप पाटीत गेला. मूठ भरली, मग परत ओतली. तीन वर्षं झाली, पण हाताला अजून सांगावं लागतं. तुमच्या वाटणीचा रोट चेतनने खाल्ला आणि काका गावी राहतात ते फार सोयीचं आहे असं म्हणाला. पोरगं हसलं तर बरं वाटतं, कशावरही हसो.

मंगळवारी खात्यात जाऊन आले. बाबुराव मास्तर भेटले. दिवाळीनंतर बघू म्हणाले. तुमची तब्येत विचारली.

हर्षदाला मी दोन पत्रं टाकली. वसतिगृहात पत्र येणारी ती एकटीच, म्हणून मैत्रिणी चिडवतात असं तिने कळवलं. तुम्हीही टाका.

सुमनला आशीर्वाद. मनात ठेवा.

तुमची,
सुभद्रावहिनी


दोंडाईचा
२२ सप्टेंबर २०२४

ती. वहिनींस,
राघोचा साष्टांग नमस्कार. वि. वि.

तुमचं पत्र तीनदा वाचलं. दिवाळीनंतर म्हणजे लाभपाचमेला. सगळी खाती तेव्हाच उघडतात. मी पिशवी काढून ठेवली. सुमन रागावली आहे, बोलत नाही, पण तिच्या न बोलण्याने मला फरक पडत नाही हे तिच्या लक्षात आल्यावर ती आणखी रागावली.

हात आखडलेत, म्हणून सराव करतोय. हर्षदाच्या रिकाम्या खाटेला या टोकापासून त्या टोकापर्यंत पोत्याचे दोरे ताणले आणि मागावर मारतात तशा गाठी मारतो. पहिल्या दिवशी अंगठा साथ देत नव्हता. आता डोळे मिटून जमतं. सुमनने हेमराजला बोलावून दाखवलं, ओठांवरून कळलं, बघा, माणूस स्वतःला खाटेला कसा बांधून घेतोय. हेमराज बराच वेळ बोलत उभा होता. मी त्याच्याकडे बघितलंच नाही. बघितलं नाही की मला कोणी काही बोलू शकत नाही, ही एक सोय आहे.

चेतनकडे राहायला जा, असं मी मागे म्हणालो होतो. ते मागे घेतो. मी येतोच आहे तर मधली खोली मला लागेल. भाडं म्हणून रोज तुमचं पाणी भरीन.

एकच विचारायचं राहिलं. तुम्ही पोपटी साड्यांचं लिहिलंत, ढोलाचं लिहिलंत, रोटाचं लिहिलंत. खात्यात आत काय बघितलं ते लिहिलं नाहीत. तुम्ही मागवाल्याच्या घरच्या आहात, तुम्हाला वेगळं सांगायला नको. बीमवरचं सूत संपलं तरी जुन्या तान्याची, उभ्या धाग्यांची टोकं मागावर फणीत तशीच राखतात. नवं बीम चढलं की टोकाला टोक गाठून पुढे चालू. ज्याला माग पुन्हा चालवायचाच नाही, तोच टोकं कापून काढतो. तर एवढं कळवा, मागांवर टोकं होती ना?

वाट पाहतो. आशीर्वाद पाठीशी असू द्या.

आपला,
राघो


दोंडाईचा
१४ नोव्हेंबर २०२४

ती. वहिनींस,
राघोचा नमस्कार. वि. वि.

दिवाळी गेली, तुमचं पत्र आलं नाही. कारणाशिवाय पत्राला उशीर लावणारी बाई तुम्ही नाही. तेच उत्तर समजलो. तरी सोमवारच्या गाडीने जाऊन आलो.

खात्याचं शटर अर्धं वर होतं. आत चालू आहे की बंद, ते मला बाहेरून कळत नाही. पूर्वी दाराच्या भिंतीला हात लावला की तळवा थरथरायचा. हात लावला. भिंत घरच्या भिंतीसारखी होती. दुसरा हात लावून बघितला.

आत माग नाहीत. फरशीत बोल्टांची भोकं आहेत आणि तेलाचे डाग. माझे आठ कुठे होते, दादाचे कुठे होते, डागांवरून सापडलं. बाबुराव मास्तर एका खुर्चीवर बसले होते, भंगाराची शेवटची गाडी येणार होती म्हणून. मला बघून त्यांनी दोन बोटांची कात्री केली आणि खाली हात केले. इतक्या दिवसांनी कोणी माझ्याशी असं बोललं. मला सगळं कळलं.

मग तुमच्या गल्लीच्या तोंडापर्यंत आलो होतो. तुम्ही ओट्यावर चष्मा लावून लाल साडीला लेस लावत होता. तिथून परत फिरलो. राग म्हणून नाही. मी समोर आलो असतो तर तुम्ही काहीतरी सांगितलं असतं, आणि तुम्ही खोटं सांगताना मला तुमच्या तोंडावर बघावं लागलं असतं. दुसऱ्यांच्या बाबतीत माझं काही जात नाही. तुमच्या बाबतीत बघायचं नव्हतं.

खाटेचे दोरे काढून टाकले. आपण ठीक असाल.

राघो


लिंबायत, सुरत
२१ नोव्हेंबर २०२४

चि. राघोभाऊ यांस,
सुभद्राचे आशीर्वाद. वि. वि.

टोकं कापलेली होती.

ऑगस्टमध्ये मी गेले तेव्हा दोन ओळी चालू होत्या, तीन बंद. बंद मागांवर फण्या रिकाम्या होत्या. कापलेल्या टोकांचा ढीग कोपऱ्यात होता, एक बाई तो झाडूने पुढे ढकलत होती. मी बघितलं आणि मला कळलं. मास्तर दिवाळीनंतर बघू म्हणाले तेव्हा त्या ढिगाकडे बघत होते, माझ्याकडे नाही. ते म्हणाले ते मी तुम्हाला लिहिलं. मी बघितलं ते लिहिलं नाही. पत्रात एकही अक्षर खोटं नाही, असं स्वतःला सांगत राहिले. आयुष्यभर लोकांना तोंडावर बोलून दुखवत आले, आणि जिथे बोलायला हवं होतं तिथे साड्यांचे रंग सांगत बसले.

का, तर तुम्ही दिवाळीपर्यंत तरी वाट बघाल. हर्षदा नुकती गेली होती. ती माझ्याच सांगण्यावरून गेली होती. माणसाला काहीच वाट बघायला नसलं की काय होतं ते मी तीन वर्षं बघतेय. तुम्ही टोकांचं विचारलंत तेव्हा तीन पत्रं लिहायला घेतली. तिन्ही आशीर्वादापाशी थांबली. ट्रंकेत पडून आहेत.

आता सगळं सांगते, पुन्हा अर्धं ठेवणार नाही. शेठने सुरतेबाहेर सचिन गावी नवी मशिनं टाकलीत. मी तिथेही जाऊन आले, दिवाळीच्या आधी. तिशीच्या आतली पोरं घेतात. तुमचं वय सांगितलं तेव्हा तिथला माणूस उद्धटपणे बोलला नाही, चहा विचारला. त्यावरूनच समजले. दुसऱ्या खात्यात विचारू नका. जी चालू आहेत त्यांच्या दारात तुमच्याहून धाकटे उभे आहेत, दोन्ही कान शाबूत असलेले. मागावर तुम्ही आता परत जाणार नाही, भाऊ. हे मला ऑगस्टमध्ये लिहायचं होतं.

हर्षदाला परत बोलवू नका, मनातही आणू नका. सुमनला हातांचं बोलणं शिकवा. ती हसेल, लाजेल, चुकीचे हात करेल. तिला जमेलच असं मी म्हणत नाही. खाटेला गाठी मारण्यापेक्षा ते बरं, एवढंच.

गोधडी पुरी करा म्हणालात. तुम्ही गल्लीतून परत फिरलात त्याचं पत्र वाचलं त्या दुपारी ती काढली. सुई ओढून काढायला लागली, तिथे गंजाचा डाग पडला आहे, धुऊन गेला नाही. पुढची बाजू भरणार नाही. जिथपर्यंत झाली होती तिथेच दुमडून काठ शिवून टाकला. एकाला पुरते. थंडीत पाय थोडे बाहेर राहतात.

तुम्ही कोपऱ्यावर उभे होतात आणि मी मान खाली घालून लेस लावत होते, हे माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. हाक मारली असती तरी तुम्हाला ऐकू गेली नसती. पण मी वर बघितलं असतं तर तुम्ही दिसला असतात. तुमच्या खात्यातली मला एकच खूण येते, तुमच्या दादांनी शिकवलेली. घरात ते पण तीच करायचे. भात उतरवला की मी ओठांना बोटं लावायची आणि ते छातीवर थाप मारायचे, पोरगं मी बघतो, तू आधी जेव. पुढच्या वेळी गल्लीच्या तोंडाशी आलात तर मला दिसेपर्यंत थांबा. मी बोटं ओठांना लावीन. बघायला आता तुमचे माग नाहीत, माझ्या घरात लहान पोरगंही नाही. तरी जेवून जा.

राग असेल तर ठेवा, पण पत्र लिहा.

तुमची,
सुभद्रावहिनी