धाकट्या कंपनीची कॅप्टन

धायरी, पुणे
६ फेब्रुवारी २०२५

चि. शेफाली हिस,

आईचे अनेक आशीर्वाद. इकडे सगळे ठीक. फोन लावला की तुझे बाबा स्पीकर लावायला सांगतात, म्हणून हे पत्र.

त्या मोठ्या विमान कंपनीला सोमवारपर्यंत हो-नाही कळवायचंय ना? बाबांनी गावभर सांगून टाकलंय, पोरगी देशातल्या एक नंबरच्या कंपनीत चालली. मी तुझ्या भावाला विचारलं, हे नंबर लावतं कोण? पियुष म्हणाला, अमेरिकेत वर्षाच्या कमाईवरून गट पाडतात, मोठ्या, मधल्या आणि प्रादेशिक. आपल्याकडे कुणी प्रवासी मोजतं, कुणी विमानं. तुझी आत्ताची कंपनी कशीही मोजली तरी तळाशी. मला हसूच आलं. आमच्या जावांची उतरंडही अशीच लागायची, माहेरच्या जमिनीवरून.

पण तू सांगितलेलं मी विसरले नाही. कंपनी बदलली की ज्येष्ठता पुन्हा शून्यापासून. इथे तू पुढच्या आठवड्यात कॅप्टन होतेस. तिथे कित्येक वर्षं पुन्हा सहवैमानिक, उजव्या खुर्चीत.

शेफाली, मी या मोठ्या घरात धाकटी सून म्हणून आले. पंचक्रोशीत घराचं नाव होतं. आमटीत मीठ किती घालू, एवढंसुद्धा माझ्या मनावर नव्हतं. निर्णय तुझा, मी मध्ये पडत नाही, असं लिहायला बसले होते. पण राहवत नाही. जाऊ नकोस.

आडव्या वाऱ्यात, एवढ्याशा धावपट्टीवर तुमचं विमान अलगद टेकलं, तो व्हिडिओ पियुषने मला दाखवला. टेकवलंस तू, असं तो म्हणाला. भाजी निवडता निवडता मी तो पुन्हा पुन्हा लावते. माझी पोर हे करते, याचा मला फार अभिमान वाटतो गं.

काल हे सगळं बाबांसमोर बोलले. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. तर ते म्हणाले, "इमानात कॅप्टनचं नाव मोठ्यानं सांगत्यात का?"

मी म्हटलं, "सांगतात. आडनावासकट."

"मग बारकंच इमान बरं हाय. शेवटच्या शिटापर्यंत ऐकू जाईल."

पियुष आमची दोन तिकिटं काढायला थांबलाय. मोठ्या कंपनीला काय कळवायचं ते तू बघ, मला फक्त तुझ्या विमानाचा दिवस कळव.

पहिल्यांदाच विमानात बसणारी आणि जराही न भिणारी,
तुझी आई