बाईसाहेबांच्या डाव्या सीटवरून

प्रिय अक्कलदाढ,

तुमच्या शिबिरात फोन लागत नाही हे एका अर्थी बरंच आहे. फोनवर मी दुसऱ्याच वाक्याला तापतो आणि तू तिसऱ्याला ठेवून देतेस. कागदावर निदान मला शेवटपर्यंत बोलू द्यावं लागेल तुला. सकाळी तुमच्याकडे औषधांची गाडी निघते, तिच्या ड्रायव्हरला गाठून हे पाकीट देणार आहे. उड्या मारून मारून माझी कंबर कामातून गेली आहे आणि पंप मारून हात अजून भरून आलेले आहेत. अक्षर लागलं नाही तर शिव्या दे, पण वाच. आणि हो, आधी शेवट बघायचा नाही. तुझी खोड मला माहीत आहे.

तर, गेलो मी. जुन्या गाड्यांच्या त्या चिखलातल्या ट्रायलला, तुझ्या बाबांच्या शेजारी बसून. दरवर्षी डाव्या सीटवर बसणाऱ्या काकांची कंबर ऐन वेळी धरली, आणि आत्याने जेवणाच्या टेबलावर माझं नाव टाकलं. त्यावर बाबा म्हणाले म्हणे, "तो अडीच? तो इंजिनाच्या आधी तापेल." चार वर्षांचं कॉलेज अडीच वर्षांत टाकून आलो तेव्हापासून तुमच्या घरात माझं हेच नाव आहे, मला काय ठाऊक नाही होय! पण दुसऱ्या दिवशी ते स्वतः गॅरेजवर आले. मी एका टेम्पोखाली उताणा होतो. त्यांनी बुटाच्या टोकाने माझ्या बुटावर टकटक केलं, दाढेवर करतात तसं, आणि म्हणाले, "माझ्या मुलीबद्दल तुला काही बोलायचंय म्हणे. शनिवारी दिवसभर माझ्या डावीकडे बस. संध्याकाळपर्यंत तापला नाहीस तर ऐकून घेईन, आणि उत्तरही देईन. तापलास तर पुन्हा दारात उभं राहायचं नाही." टेम्पोखालूनच मी म्हटलं, "हो डॉक्टर." म्हणजे बघ, परीक्षा गाडीची नव्हतीच, माझी होती. आणि पणाला लागली होतीस तू. तुला कुणी विचारलं नाही हे मला मान्य आहे, त्याबद्दल वेगळं भांड.

गाडी लागते म्हणून तू कधी बाबांच्या या लाडक्या जुन्या गाडीत, बाईसाहेबांत, बसली नाहीस, तेव्हा थोडं सांगतो. या ट्रायलमध्ये वेगाला किंमत नाही. दिवसभर आडवाटांनी जायचं, चौक्यांवर ठरल्या वेळेला पोचायचं. उशीर झाला तर गुण जातात आणि लवकर पोचलात तरी जातात. खरी गंमत चढांवर. पायथ्याशी एक झेंडा, माथ्यावर एक, मध्ये नुसता राडा. या झेंड्यापासून त्या झेंड्यापर्यंत गाडी थांबता कामा नये. चाक थांबलं की तो चढ गेला. डावीकडच्या माणसाचं काम तीन तऱ्हेचं: रस्ता सांगायचा, चढाआधी टायरातली हवा कमी करून नंतर पंपाने भरायची, आणि मागची चाकं जागच्या जागी फिरायला लागली की सीटवर जोरजोरात उड्या मारायच्या. वजन पडलं की चाकं पकड घेतात. सुशिक्षित, टायवाले लोक सीटवर बेडकासारखे उडत असतात आणि कुणाला त्यात काही वाटत नाही. तुझ्या बाबांना इतक्या वर्षांत एकदाही सगळे चढ न थांबता जमलेले नाहीत. एखादा तरी राहतोच. यंदा सगळे काढायचे, असं ते निघताना बॉनेटवर हात ठेवून म्हणाले. मला नाही, बाईसाहेबांना.

रात्रभर पाऊस होऊन गेला होता. पहिल्या चौकीपर्यंत आमच्यात "डावीकडे" आणि "हं" एवढंच बोलणं झालं. पुढच्या वाटेवर मी थर्मासमधून चहा ओतला आणि पेला त्यांच्यापुढे धरला. त्यांनी बघितलंसुद्धा नाही. मी तसाच धरून बसलो, चहा माझ्या मनगटावरून बाहीत शिरला, आणि हे नाकासमोर बघत गाडी चालवतायत. पाव दिला तरी तेच. तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. म्हटलं, एवढा मी हलका? गॅरेजातल्या पोराच्या हातचं घेतलं तर दात किडतील का यांचे? तोंडाशी आलेलं वाक्य पावाबरोबर गिळलं. तुझी शपथ, चावून चावून गिळलं.

पहिले चढ मात्र त्यांनी असे काढले की मी राग विसरलो. कुठे दगड आहे, कुठे पाणी साचतं, सगळं पाठ. गिअर असा टाकतात की आवाज नाही. एकदा मी उडता उडता ओरडलो, "वा, डॉक्टर!" आणि ते हसले गं! पण पुढच्या चढाच्या तोंडाशी एक नवा खांब लावला होता, डावीकडे, चांगला लाल-पांढरा, आंधळ्यालाही दिसावा असा. आम्ही थेट त्याच्यावर. आमचा मडगार्ड घासला, खांब आडवा. पंच म्हणाले, गाडी थांबली नाही ना, मग चालेल. बाबा माझ्यावरच घसरले, "तोंड शिवलंयस का? खांब दिसत नाही?" आता बोल! गाडी कोण चालवतंय? मी दातओठ खात पंप मारत बसलो. एकेक दट्ट्या तुझ्या बाबांच्या नावाने मारला, म्हणून टायर अंमळ जास्तच फुगले.

त्यानंतर ओढ्याकाठची अरुंद वाट आली. उजवीकडे दरड, डावीकडे सरळ खाली पाणी, पावसाने फुगलेलं. मी नकाशात बघत होतो. सहज मान वळवून खाली बघितलं. माझ्या दाराखाली रस्ता नव्हता. पुढचं चाक कडेच्या गवतावर चाललं होतं आणि गवत तुटून खाली पडत होतं. मी किंचाळलो, "उजवीकडे!" त्यांनी स्टिअरिंग मारलं, बाईसाहेब दरडीला घासून सरळ झाल्या.  मग मीच हळूच विचारलं, "डॉक्टर, दिसलं नाही का?" तर म्हणाले, "चष्म्यावर चिखल उडालाय. रुमाल दे." रुमाल दिला. डावीकडूनच दिला. त्यांचा हात हवेत चाचपडला, माझ्या हाताच्या अलीकडे, मग पलीकडे. तेव्हा मला तो चहा आठवला, पाव आठवला, खांब आठवला. माणूस माझा अपमान करत नव्हता. मी त्यांना दिसतच नव्हतो.

तू म्हणशील, तिथेच थांबायला सांगायचंस. सांगितलं. शक्य तितक्या मऊ आवाजात म्हटलं, "आपण इथून परत फिरू या." त्यांनी माझ्याकडे पूर्ण मान वळवून बघितलं आणि म्हणाले, "एकच चढ राहिलाय. इतक्या वर्षांत पहिल्यांदा बाकीचे सगळे निघालेत. तुला उतरायचं असेल तर उतर, पण मग आपलं बोलणंही तिथेच राहील." चालक बदलता येत नाही, तो नियम आहे. खाली उतरून डावीकडच्याशिवाय त्यांना एकटं वर पाठवायचं? की बसून राहायचं? मी बसलो. तुझ्यासाठी बसलो की त्यांच्यासाठी, ते खरंच सांगता येत नाही. पण ठरवलं, आता यांचा डावा डोळा मी.

शेवटचा चढ या वर्षी बदलला होता. जुन्या वाटेवर झाड पडलेलं, म्हणून बाजूने नवी वाट काढलेली. म्हणजे त्यांचं पाठांतर तिथे उपयोगाचं नाही. पायथ्याशी मी हवा सोडताना त्यांचे ओठ हलत होते. सुटायचा झेंडा खाली आला. मी उड्या मारतोय आणि बोलतोय, श्वास पुरत नाही, "उजवीकडे... अजून... सरळ... दगड, दगड, उजवीकडे!" चिखल तोंडात. चाकं फिरायला लागली, इंजिन रडायला लागलं, गाडी एकेक वीत पुढे. ते म्हणतात, "उडी मार, अडीच, उडी मार!" आणि मी मारतोय. वळण काढलं. माथ्यावरचा झेंडा दिसला. दोन गाड्यांची लांबी राहिली असेल. वरची माणसं टाळ्या वाजवायला लागली होती.

वळणाच्या पुढे डाव्या काठावर पिवळ्या रेनकोटातल्या एक वयस्क बाई उभ्या होत्या, झेंड्यांवर लक्ष ठेवणाऱ्या. वाऱ्याने त्यांचा झेंडा पडला, तो उचलायला त्या वाकल्या, पाय सटकला आणि घसरत थेट आमच्या वाटेत. मी ओरडलो, पण त्या इंजिनाच्या आवाजात "उजवीकडे" आणि "थांबा" सारखंच. बाबांनी आणखी जोरात रेस केली. त्यांच्या लेखी समोर मोकळी वाट होती. मी मधला हँडब्रेक दोन्ही हातांनी ओढला. बाईसाहेब मागे घसरल्या, मी डोळे मिटले, आणि मागचं चाक दरडीला टेकून सगळं थांबलं. चाक थांबलं. चढ गेला.

तुझे बाबा मला काय काय म्हणाले ते लिहीत नाही. "सूड घेतलास" हे त्यातलं सभ्य. हातही उगारला होता. मी एरवी कसा आहे तुला माहीत आहे, त्या कॉलेजच्या सरांचं याहून कमी शब्दांसाठी टेबल उलटवून आलो होतो. पण माझ्यात रागच उरला नव्हता. मी नुसतं बॉनेटच्या डाव्या कोपऱ्याकडे बोट केलं. त्यांनी मान वळवली, आणखी वळवली, आणि मग त्यांना चिखलात बसलेल्या त्या बाई दिसल्या. हेडलाइटच्या हातभर पुढे. बाई कोपरं पुसत उठल्या आणि म्हणाल्या, "डॉक्टर, ही कवळी तुम्हीच बसवलीत हो, आता तुम्हीच उडवता की काय!" सगळे हसले. बाबा हसले नाहीत. स्टिअरिंगवर कपाळ टेकून बसले.

माथ्यावरच्या कुंपणापाशी आम्ही दोघे गाडीच्या पायरीवर बसलो तेव्हा त्यांनी सांगितलं. डाव्या डोळ्याच्या नजरेची कड गेल्या थंडीपासून पुसत चालली आहे. क्लिनिकमध्ये सिस्टर आता अवजारं उजवीकडून देतात, त्यांना वाटतं डॉक्टरांची मान धरली आहे. खुर्ची थोडी फिरवून घेतात आणि काम करतात. रोज. डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेलेले नाहीत. "गेलो की तो त्याला नाव देईल," म्हणाले. मी म्हटलं, "तुमच्याकडे दुखेस्तोवर न येणाऱ्या पेशंटला तुम्ही काय म्हणता?" तर म्हणाले, "शिव्या देतो." मग बराच वेळ बुटांचा चिखल काडीने काढत राहिले आणि म्हणाले, "ऐक. तू दिवसभर टिकलास. मी चुकलो असतो तिथे तू टिकलास. माझ्याकडून हो आहे. पण तिला यातलं काही कळवायचं नाही. तिची शेवटची परीक्षा तोंडावर आहे, आई गेली तेव्हा आली होती तशी सगळं टाकून धावत येईल. मध्येच सोडलेलं पुन्हा धरता येत नाही, हे तुला मी सांगायला नको." मी मान हलवली. त्यांच्या डावीकडे बसून हलवली, पण या वेळी ते पूर्ण वळून बघत होते.

आता हे का लिहिलं ते. मला हवं होतं ते मिळालं आहे. दोन दिवस ते उशाशी घेऊन झोपायचा प्रयत्न केला, झोप आली नाही. आज सकाळी क्लिनिकवरून गेलो तर दारावर 'चालू आहे'ची पाटी, आत ड्रिलचा आवाज, आणि बाकावर एक लहान मुलगी आईचा हात धरून बसलेली. मी रस्त्यावर तसाच उभा राहिलो. ते माझं ऐकणार नाहीत, आत्याचं नाही, काकांचं तर नाहीच. त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरच्या दारात उभं करू शकेल असं माणूस एकच आहे, आणि ते या पत्राच्या दुसऱ्या टोकाला आहे. म्हणून शब्द मोडतोय. पाकीट ड्रायव्हरच्या हातात दिलं की सरळ त्यांच्याकडे जाऊन सांगणार आहे की मी तुला कळवलं. त्यांनी "हो" परत घेतलं तर घेऊ देत, त्या बोलीवर दिलेलं ते होतंच. तू ये असं मी लिहीत नाही, कारण तू यावंस म्हणून मी महिनोन्‌महिने काय काय करून बसलो आहे ते तुला माहीत आहे, आणि या एका गोष्टीत मला स्वतःवर भरवसा नाही. परीक्षा सोडू नकोस. शिबिराच्या गाडीने फोन लागेल तिथवर खाली ये, तिथून बाबांना फोन लाव, ओरड, रड, हवं ते कर, पण याच आठवड्यात त्यांना डोळे तपासून घ्यायला लाव. तोवर ते क्लिनिक उघडायला आले की मी दारात उभा असेन. हाकलतील. उभा राहीन.

तुझाच, बाबा काहीही म्हणोत,
अडीच