माझ्या गुप्तदानाची जाहीर चौकशी

आदरणीय दाजी,

अंगदचा दोन्ही हात जोडून नमस्कार. तुमच्या गुडघ्याला आता उतार असेल, दैवशालाताईची पित्ताची गोळी वेळेवर चालू असेल, असे धरून चालतो. इकडे सर्व क्षेम आहे असे लिहिण्याची रीत आहे. पण खोटे कशाला लिहू? मी संतापलो आहे.

मागच्या गुरुवारी सकाळी अंघोळ करून, पोथीचा अध्याय वाचून (तो संपेपर्यंत मी कोणाशी बोलत नाही) आमच्या कल्याणच्या दुकानात दाढीला गेलो. गालांना फेस, मानेशी वस्तरा, फळीवर फोन. तो वाजला. कल्याण सेवाभावी माणूस. त्याने उचलून थेट स्पीकर चालू केला. करखात्याने पडताळणीचे काम दिलेल्या कुठल्याशा कंपनीतून एक मुलगी बोलत होती (आवाज गोड, देव तिचे भले करो). तिने माझे नाव, वडिलांचे नाव, पॅनचा आकडा, शाळेतल्या लिपिकाचा माझा पगार, सगळे घडाघडा वाचले आणि विचारले, परतूरच्या मुलींच्या वसतिगृहाला अकरा वर्षे दरसाल पंधरा हजार देणारे तुम्हीच ना? ‘बंद कर’ म्हणायला मी तोंड उघडले, तर फेस आत गेला. दुकानात सहा माणसे होती.

दान बोलून दाखवले की उष्टे होते, असे आमचे अण्णा म्हणत. म्हणून मी बायकोला, शिवकन्येलाही कळू दिले नव्हते. (तिचा मिक्सर तीन वर्षांपूर्वी जळाला. आता पाट्यावर चटणी वाटताना ती वरवंट्याच्या दर फेऱ्याला ‘वसतिगृह’ म्हणते.) दुपारपर्यंत गावभर झाले. भुजंग सरपंचाने माझे अभिनंदन करणारा फ्लेक्स लावला. त्यात माझ्यापेक्षा तोच मोठा आहे. पारावर बदरोद्दीनभाई म्हणाले, “अंगदराव, तुम्ही तर छुपे रुस्तम निघाले! मंग आमच्या गल्लीतला नळ कवा बसवून राह्यले?”

करखात्याला फोन लावला. तिथल्या साहेबांनी शांतपणे सांगितले, काम बाहेर दिले आहे. बाहेर म्हणजे कुठे, ते त्यांनाही नक्की ठाऊक नव्हते! दाजी, आपल्याकडे शेजाऱ्याच्या ओट्यावर तुरीची दोन पोती ठेवायची तरी आधी विचारतात. मी माझी कमाई, माझा बाप, माझे देणे सरकारपुढे विश्वासाने मांडले. त्यांनी ते उचलून परक्याच्या ओट्यावर टाकले आणि मला साधे विचारलेही नाही. तक्रार करायची तर त्या कंपनीच्याच वेबसाइटवर, आणि तिला आधी हवे पॅन, आधार, आईचे नाव. म्हणजे कुंपण मोडणाऱ्याच्याच दारात फिर्याद, तीही घराची किल्ली त्याच्या हातात देऊन.

आईचे नाव मी भरले नाही. ती गेली तेव्हा रेशनकार्डाखेरीज तिचे नाव कुठेही नव्हते. ते तिथेच राहू दे.

आपला,
अंगद

ता. क. तुम्ही म्हणाल, गुप्तदानाची पावती कशाला घेतलीस? शिवकन्येनेही हेच विचारले. करात सूट मिळते म्हणून घेतली. मला देवही हवा होता आणि सूटही, कबूल आहे.

आणखी एक. यंदाचे दान काल सकाळी परतूरला जाऊन देऊन आलो, पण तुमच्या नावाने. तुमच्या पॅनची झेरॉक्स प्लॉटच्या खरेदीपासून माझ्या कपाटात होती, मोबाइल नंबर तर पाठच आहे. सूट तुम्ही घ्या, पुण्य माझ्याकडे असू द्या. कंपनीचा फोन आला तर ‘हो, मीच’ एवढेच म्हणा. दाढीला जाताना फोन घरी ठेवत जा. नको, घरी ताई आहे. खिशातच असू द्या. तुम्हाला आधी विचारायला हवे होते, दाजी. पण विचारले असते तर गुप्त राहिले नसते.