बायकांकडचे दोनशे बारा फोटो

१६ एप्रिल २००७, सोमवार. सकाळी ११.
काल झकेरियाशेठच्या मुलीचं, नशराचं लग्न पार पडलं. सयाजी फोटो स्टुडिओच्या एकोणीस वर्षांतलं सर्वांत मोठं काम. पुरुषांकडे मी, रोलचा जुना कॅमेरा घेऊन. बायकांकडे तुळसा, नवा डिजिटल घेऊन. डिजिटल एकच आहे आणि आत बाईमाणसालाच जाता येतं, म्हणून नवा कॅमेरा बायकोकडे. मला फरक पडत नाही. अनुभवी माणूस कशानेही फोटो काढतो.

शेठची अट: बायकांकडचे फोटो कोणत्याही पुरुषाने बघायचे नाहीत. मीसुद्धा. छपाई तुळसाने करायची. शेठचे बारा ट्रक आहेत, पण आवाज कधी चढत नाही. म्हणाले, "सयाजी, आमच्या घरात आजवर बाहेरचा कॅमेरा आत गेलेला नाही. तुमच्या भरवशावर पाठवला." मी म्हटलं, शेठ, फोटो अशा जागी ठेवतो की महाडात कोणाच्या बापाला दिसणार नाहीत.

दुपारी ४.
मासिकाबरोबर आलेल्या सीडीवर एक सॉफ्टवेअर आहे. त्यात फायलींची तिजोरी होते. बाहेरून बघणाऱ्याला नुसता कचरा दिसतो, पासवर्ड टाकला की आतलं सगळं जसंच्या तसं. दोनशे बारा फोटो आत टाकले. टाकताना फोटो बारीक रूपातही दिसणार नाहीत अशी सोय केली, वर तुळसाला शेजारी बसवलं. पासवर्ड सत्तावीस अक्षरी. सॉफ्टवेअरने आणखी बरंच विचारलं. किल्ली म्हणून एखादी फाईल देणार का? माझा शिवथरघळीचा गॉगलवाला फोटो दिला. दर वेळी हीच किल्ली आपोआप लावू का? लाव. अशा बाबतीत घाबरून चालत नाही.

१७ एप्रिल, मंगळवार.
तुळसाने सांगितलेली हकिकत. महरुन्निसा फुफी म्हणजे शेठची थोरली बहीण. लवकर विधवा झाली, माहेरी आली, नशराला तिनेच वाढवली. सत्तरीपर्यंत एकदाही फोटो काढू दिला नाही. परवा मेंदी लावलेल्या पोरींच्या घोळक्यात बसून आपणहून तुळसाला म्हणाली, "काढ गो बाय, माझा पन एक." आणि काढताना हसली. हसली कशाला, ते विचारलं. तुळसा म्हणाली, ते बायकांमधलं हाय.

फोटोग्राफी या विषयात अशी गुप्तता मला मान्य नाही. पण तिचं पहिलंच मोठं काम. सोडून दिलं.

१८ एप्रिल, बुधवार.
दासगावच्या लग्नासाठी कॅमेऱ्याचं कार्ड रिकामं केलं. तुळसाचं म्हणणं, छपाई होईपर्यंत पुसू नका. (शाई पनवेलहून यायची आहे.) मी तिला नीट समजावलं की जितक्या प्रती, तितक्या फुटायच्या वाटा. ती म्हणाली, "अवो, येक तरी ऱ्हाऊ द्या." मी म्हटलं, राहणारच आहे ना, तिजोरीत! शिवाय तिजोरीची एक प्रत बाहेरच्या छोट्या डिस्कवर घेतली. एवढी काळजी रायगड जिल्ह्यात कोणी घेत नसेल.

संकल्प: तुळसाला आठवड्यातून दोनदा कॉम्प्युटर शिकवायचा.

२१ एप्रिल, शनिवार.
कॉम्प्युटर सुरू होत नाही. आतून टक्, टक्, टक्. भारनियमनाने वीज सारखी जाते-येते, त्याचा परिणाम. काळजी अजिबात नाही. बाहेरची डिस्क आहे, पासवर्ड डोक्यात आहे. खरं तर असा प्रसंग आला हे बरंच झालं, माझी पद्धत सिद्ध होईल.

२२ एप्रिल, रविवार.
कॉम्प्युटरमधली बिघडलेली हार्ड डिस्क काढून उघडली. आत काय असतं याचं कुतूहल होतंच. सुंदर वस्तू. आरशासारखी चकती. तिच्यावर धूळ दिसली म्हणून लेन्सच्या रबरी पंपाने हवा मारली, मग लेन्सच्या कपड्याने पुसली. आता चेहरा दिसतो. परत बंद केली, दोन स्क्रू उरले. टक् टक् थांबलं. दुसराही कुठलाच आवाज नाही. प्रगती आहे.

२३ एप्रिल, सोमवार.
अझीमच्या कॉम्प्युटर क्लासमध्ये बाहेरची डिस्क नेली. अझीम शिकलेला आणि नम्र मुलगा, मला सर म्हणतो. पहिल्या मशीनवर सॉफ्टवेअर चढेना, मालकाची, म्हणजे ॲडमिनिस्ट्रेटरची परवानगी लागते म्हणाला. त्याने मालक म्हणून उघडून दिलं. मग मी त्याला भिंतीकडे तोंड करून उभा केला. फोटो उघडले तर परपुरुषाला दिसायला नकोत.

पासवर्ड टाकला. उत्तर आलं: पासवर्ड चुकीचा आहे, किंवा ही तिजोरीच नाही.

पुन्हा टाकला. तेच. नऊ वेळा टाकला. अझीमने भिंतीकडे बघत विचारलं, कॅप्स लॉक? मी म्हटलं, अझीम, मी एकोणीस वर्षं धंद्यात आहे. (कॅप्स लॉक लागलेलंच होतं. ते काढून पासवर्ड टाकला. तरी तेच.)

निष्कर्ष: क्लासचे कीबोर्ड खराब आहेत.

२५ एप्रिल, बुधवार.
शेठचा जावई आदिल आज कतारला परत गेला. सुट्टी तेवढीच. पुरुषांकडचा अल्बम वेळेवर दिला. रोलचे फोटो, निगेटिव्ह डब्यात, काही प्रश्न नाही. जुनं तंत्र. आदिलने विचारलं, नशराचा एखादा? मी म्हटलं, तांत्रिक बाब आहे, दोन दिवसांत होईल, कुरियर करतो. तो म्हणाला, ठीक आहे. मग बराच वेळ अल्बममधले काका-मामा बघत बसला.

शेठना "उद्या" सांगितलं.

२७ एप्रिल, शुक्रवार.
महरुन्निसा फुफी गेल्या. पहाटेच्या नमाजाला उठल्या आणि तिथेच. दुपारी दफन झालं. मी मातीला गेलो. तुळसा घरात बायकांकडे.

परत येताना शेठनी माझा हात धरला. म्हणाले, "सयाजी, अल्बम सावकाश द्या, घाई नाही. पण आपाचा तेवढा एक फोटो. नशरा सकाळपासून तेच म्हणतेय. आमच्याकडे दुसरा नाही."

म्हटलं, उद्या.

२८ एप्रिल, शनिवार.
शांतपणे विचार केला. पासवर्ड बरोबर आहे, म्हणजे टाकण्यात चूक आहे. मोठी लिपी, छोटी लिपी, मध्ये जागा, जागा नाही, शेवटी आकडा, आकडा आधी. असे एकशे चाळीस प्रकार वहीत मांडले. अझीमच्या क्लासला सुट्टी पडल्यावर एकेक टाकत बसलो. साठाव्या वेळी वीज गेली.

अझीमला शेवटी पासवर्ड सांगावा लागला: सयाजी डिजिटल महाड नंबर वन, सलग, इंग्रजीत. तो हसला नाही. खिडकीबाहेर बघत राहिला.

३० एप्रिल, सोमवार.
उरलेले ऐंशी प्रकार झाले. तेच उत्तर.

शेठ दुकानावरून गेले. आत आले नाहीत. मी काउंटरखाली काहीतरी शोधत होतो.

२ मे, बुधवार. सकाळी १०.
अझीमने सॉफ्टवेअरबरोबरची सगळी माहिती वाचून काढली. आला आणि विचारलं, "सर, पासवर्डसोबत किल्ली म्हणून एखादी फाईल दिली होती का?" मी नाही म्हणालो. मग आठवलं. मग बसलो.

म्हणजे नुसता पासवर्ड पुरत नाही, तो गॉगलवाला फोटोही लागतो. माझ्या कॉम्प्युटरवर सॉफ्टवेअर तो गुपचूप आपणच लावत होतं, म्हणून मला वाटायचं पासवर्डनेच उघडतंय. दुसऱ्या कॉम्प्युटरला काय माहीत माझा फोटो!

तर एवढंच होतं! पासवर्ड बरोबरच होता हे नोंदवून ठेवतो.

दुपारी २.
गॉगलवाला फोटो दुकानात फ्रेम करून लावलेलाच आहे. काढला, स्कॅन केला, किल्ली म्हणून दिला. उघडलं नाही. काच काढून स्कॅन केला. उघडलं नाही. जास्त बारकाईने, कमी बारकाईने, थोडा तिरका. एकूण सात. अझीमने समजावलं, फोटो तोच दिसून चालत नाही, फाईल तीच लागते, आतला एक ठिपकासुद्धा इकडचा तिकडे नको. मी म्हटलं, अरे पण माणूस तोच आहे! त्याने पाणी आणून दिलं.

४ मे, शुक्रवार.
पोलादपूरला मेव्हण्याकडे. पांडूला तोच फोटो मार्चमध्ये मेल केला होता. त्याने मागितला नव्हता, मीच पाठवला होता. एस.टी.त खिडकीजवळ जागा मिळाली, मन प्रसन्न. आपण चार लोकांना फोटो पाठवतो ते असं कामाला येतं. नशराला स्वतःच्या हाताने नेऊन द्यायचं ठरवलं, म्हणजे तुळसाच्या हाताने.

पांडूने मेल उघडला. मेल होता. फोटोही होता. पेनड्राइव्हवर घेऊन चारच्या गाडीने परत. थेट अझीमकडे. किल्ली लावली, पासवर्ड टाकला, डोळे मिटले.

पासवर्ड चुकीचा आहे, किंवा ही तिजोरीच नाही.

अझीम म्हणाला, पाठवताना फोटो लहान केला होता का? केला होता. मेल जड होऊ नये म्हणून. ते करायचं मी तुळसालासुद्धा शिकवलं होतं.

७ मे, सोमवार.
मुंबईला गेलो. मेलेल्या हार्ड डिस्कमधून फायली काढून देणारा एक माणूस अझीमने शोधला. गॉगलवाला मूळ फोटो त्या डिस्कवरच आहे. माणूस फार हुशार, फार कमी बोलणारा. झाकण उघडून दिव्याखाली धरलं. विचारलं, हे आधी कोणी उघडलं होतं?

मी म्हटलं, आमच्याकडे एकजण आहे.

पुसलंय, तो म्हणाला. कपड्याने. न उघडता आणली असती तर निघालं असतं बहुतेक. आता नाही. तपासणीचे पैसे घेतले नाहीत. घेतले असते तर बरं वाटलं असतं.

मग तिजोरीच्या डिस्कचं विचारलं. फोडता येईल का? तो पहिल्यांदा हसला. म्हणाला, बनवणाऱ्यालाही येणार नाही, त्यासाठीच बनवलंय.

८ मे, मंगळवार.
तुळसाला सांगितलं. सगळं. कपडासुद्धा. वाटलं होतं, ओरडेल. ती गहू निवडत होती. निवडणं थांबवलं नाही. मग म्हणाली, "फुफीचा डोळं मिटलेला एक काढलेला मी. मग म्हातारी बोलली, थांब, दात लावून येते. दुसरा काढला, तो चांगला आला."

उद्या शेठकडे जायचं.

९ मे, बुधवार.
गेलो नाही. डोकं दुखत होतं.

१० मे, गुरुवार.
बिरवाडीला पासपोर्ट फोटोंचं काम आलं. जाणं भाग होतं. (कामाला तुळसा गेली.)

११ मे, शुक्रवार. संध्याकाळी ७.
तुळसाच पुढे निघाली, म्हणून मी निघालो.

ती आत गेली. शेठनी मला पडवीत खुर्ची दिली. वाटेत पाठ केलं होतं: शेठ, एक छोटी तांत्रिक अडचण. तोंडातून निघालं, "शेठ, नाही उघडत. माझ्यामुळे."

त्यांनी विचारलं, "म्हणजे फोटो गेला?"

"नाही शेठ. आहे. या डिस्कमध्येच आहे."

"मग दिसेल कधीतरी?"

"नाही."

"कोणालाच नाही?"

"कोणालाच."

शेठ डिस्ककडे बघत राहिले. रस्त्यावरून त्यांचाच एक ट्रक गेला, ड्रायव्हरने सलाम केला, शेठना कळलं नाही. मग म्हणाले, "गेला म्हणाला असता तर बरं झालं असतं, सयाजी. गेलं म्हटलं की माणूस रडून मोकळा होतो. हे आहेही आणि नाहीही, हे मी पोरीला कसं सांगू?"

एकोणीस वर्षांत असं झालं नव्हतं. तसं झालं असेल, पण लक्षात आलं नसेल.

आत तुळसाचा आवाज येत होता. ती नशराला सांगत होती. फुफी कुठे बसलेली, ओढणी कुठल्या रंगाची, मेंदी कुठल्या हाताला, उजेड कुठून येत होता. हसली ते का, तेही सांगितलं असणार, कारण आतल्या बायका एकदम हसल्या. मग कोणी हसेना. मग रडण्याचा आवाज. मी चपला बघत बसलो. शेठनी डोळ्यांना रुमाल लावला होता.

थोड्या वेळाने नशरा दारापर्यंत आली. पडद्यामागूनच म्हणाली, "चाचा, ती डिस्क इथेच ठेवाल?"

म्हटलं, बेटी, उपयोग नाही तिचा.

"असू दे. फुफी आत हाय ना."

दिली. आतून सादियाभाभींनी, नशराच्या अम्मीने, हिरव्या कापडाचा तुकडा पुढे केला, नशराने डिस्क त्यात गुंडाळली. मी खिशातून कागद काढून पासवर्ड लिहून दिला. सुवाच्य अक्षरात, कंसात सगळी छोटी लिपी. किल्लीशिवाय त्याचा काही उपयोग नाही हे पुन्हा सांगायला हवं होतं. सांगवलं नाही. तिने कागदही कापडात ठेवला.

निघताना शेठ फाटकापर्यंत आले. तुळसाला म्हणाले, "बहीण, येत जा." मला म्हणाले, "सांभाळून जा, रस्ता खोदलाय."

१२ मे, शनिवार.
दुकान उघडलं. बंद केलं.

अझीम येऊन गेला. सर म्हणाला.

१३ मे, रविवार.
पोलादपूरला पांडूच्या शेजाऱ्याकडचं लग्न. दोन्हीकडचे फोटो तुळसा काढणार, असं पांडूने परस्पर ठरवलेलं. मला लाईट धरायला सांगितला.

धरला.